कॅसेट स्वच्छ केल्या आणि तंबोरा गेला

पेटीवाला मिरजकर

मंडळी, प्रश्न कॅसेटचा आहे. पण आधी थोडं घरातलं सांगतो, नाहीतर मला नेमकं काय परत हवंय ते कळणार नाही.

मी पेटीवर साथ करतो आणि शिकवतो, घर त्यावरच चालतं. वडील, म्हणजे आमचे अण्णा, मिरजेत एका शाळेत गणित शिकवायचे आणि पहाटे गायचे. किराणा घराण्याची तालीम मिळाली होती, पण मैफली केल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्याच. गणपतीत एखादी, कुणाच्या वाड्यावर एखादी. त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर इथं मिरजेच्या दर्ग्यात आहे. त्यांच्या स्मरणार्थ तिथं जी संगीत सभा होते, तिला अण्णा दरवर्षी उजाडेपर्यंत बसायचे. बाकी सगळं गाणं घरात, माजघरात, पहाटे पावणेपाच ते सव्वासहा.

१९८३ साली त्यांनी टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र, घेतला. हौस म्हणून नाही. 'गाताना आपली चूक आपल्याला ऐकू येत नाही' असं म्हणायचे. महिन्यातून एखाद्या पहाटे रेकॉर्डिंग करायचे आणि रविवारी दुपारी ऐकून वहीत टिपणं काढायचे. पुष्कळदा जुन्या कॅसेटवरच नवीन भरायचे. त्यातून वाचलेल्या १४ कॅसेट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. वर फक्त तारखा, राग लिहिलेला नाही. तबला क्वचित. पेटी तर नाहीच, कारण पेटी पुढं मी घरात आणली. त्यामुळं या कॅसेटमध्ये दोनच आवाज आहेत, अण्णांचा आणि तंबोऱ्याचा.

तंबोरा आईचा. आई गात नाही, कधी गायली नाही. १९६८ साली लग्न होऊन आली आणि पहिल्या वर्षातच अण्णांनी तिला तंबोरा धरायला शिकवलं, कारण दुसरं कुणी नव्हतं. सतारमेकर गल्लीतून आणलेला मोठा मर्दानी तंबोरा. तो पुढं बत्तीस वर्षं रोज पहाटे तिच्या हातात होता. अण्णा आंघोळीला गेले की ती गवसणी काढायची, जुन्या लुगड्याची स्वतः शिवलेली, आणि ते ओल्या केसांनी बाहेर येईपर्यंत तंबोरा लागलेला असायचा. पावसाळ्यात खुंट्या फुगायच्या, फिरता फिरत नसत. उन्हाळ्यात त्याच सैल पडायच्या, मग खडूची पूड लावायची. तारेखालचं सूत सरकवून जवारी, म्हणजे तारेची झणझण, बघायला ती अण्णांपेक्षा बारकाईनं शिकली. सव्वासहाला तंबोरा भिंतीला टेकवून थेट चुलीपाशी.

मी पलीकडच्या खोलीत झोपायचो. भिंतीतून तंबोरा ऐकू येतोय तोवर अजून झोपायला वेळ आहे, आणि थांबला की उठायचं. घड्याळाचा गजर आमच्या घरी कधी लावावाच लागला नाही.

आता प्रश्नाकडे येतो. या दिवाळीत माझ्या भाच्यानं मोठ्या प्रेमानं सगळ्या कॅसेट संगणकावर घेतल्या. खरखर फार होती, ती त्यानं ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन लावून काढली. पाडव्याला आईला ऐकवल्या. ती आता ८२ वर्षांची आहे, कान शाबूत आहेत. ऐकताना तिचा उजवा हात आपोआप गुडघ्यावर गेला. मधलं बोट एकदा, मग तर्जनी तीनदा: पंचम, जोडी, जोडी, खरज, तंबोऱ्याच्या चार तारा. दोन-तीन आवर्तनं झाली आणि हात थांबला. परत सुरू केला, परत थांबला. मग म्हणाली, "हे कुठलं लावलंस?"

मी म्हटलं, "अगं आई, अण्णाच की."

"आवाज ह्यांचाच आहे. पण हे आपल्या घरातलं नव्हे."

रात्री मी हेडफोन लावून ऐकलं. अण्णांचा आवाज स्वच्छ आहे, पण विहिरीतून आल्यासारखा. आणि तंबोरा नाही! म्हणजे अण्णा सूर लावतात तेव्हा त्यांच्या आवाजाच्या कडेला त्याचं काहीतरी पाण्यासारखं लकाकतं, आणि ते श्वास घेतात तिथं नुसता शून्य. बत्तीस वर्षांतला आईचा जेवढा ठेवा होता तो एवढाच, आणि तोच पुसला गेला.

भाच्याला मी काही बोललो नाही, तुम्हीही बोलू नका. त्यानं आठ रात्री जागून हे केलंय. पण मूळ फाइली त्यानं जागा करण्यासाठी उडवल्यात. कॅसेट आहेत. त्या परत कशा घेऊ, म्हणजे खरखर थोडी कमी होईल आणि तंबोरा राहील? दुसरं म्हणजे, अण्णा पांढरी एकात गायचे, म्हणजे पेटीच्या त्या पट्टीवर त्यांचा षड्ज, आणि काही कॅसेट स्पष्ट काळी एकात, अर्धा सूर वर, वाजताहेत. त्याचं काय करायचं? घरातल्या पेटीशी ताडून पाहिलं, पण तिचे सूर मी मागं एकदा नव्यानं लावून घेतलेत, त्यामुळं तिची साक्ष चालणार नाही.


ध्वनिवेडा

मिरजकर, काय झालं ते तुमच्या लिहिण्यावरूनच कळतं. ऑडॅसिटीत नॉइज काढताना आधी नमुना द्यावा लागतो, म्हणजे ज्यात फक्त नको असलेला आवाज आहे असा तुकडा निवडायचा. कुणीही साहजिकच सुरुवातीचे दहा सेकंद निवडतं, जिथं अजून कुणी गात नाही. तुमच्या कॅसेटमध्ये त्या दहा सेकंदांत काय असणार? तंबोरा. संगणकाला सांगितलं गेलं की हा कचरा आहे, आणि त्यानं तो पूर्ण तासभर इमानानं काढला. तंबोऱ्याचे स्वर एका जागी ठाम असतात, हलत नाहीत, त्यामुळं तो काढणं त्याला सोपंही जातं.

आता फिरून करताना असं करा. आधी कॅसेट जशी वाजते तशीच संगणकावर घ्या, काहीही न लावता. वेव्ह फाइल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. ती फाइल दोन ठिकाणी ठेवा आणि तिला हात लावू नका. जी काही साफसफाई करायची ती तिच्या प्रतीवर. नमुना घ्यायचा तर रेकॉर्डिंग सुरू होण्याआधीची किंवा संपल्यावरची कोरी टेप वाजते तिथला, ज्यात नुसती टेपची सळसळ आहे. आणि तोही हलक्या हातानं, सहा डेसिबलच्या वर जाऊ नका.

पण त्याच्याही आधी वाजवायचं यंत्र बघा. हेड, म्हणजे टेप जिथं घासून वाचली जाते तो भाग, आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या. प्रत्येक कॅसेट एकदा पुढं आणि एकदा मागं पूर्ण फिरवून घ्या, वर्षानुवर्षं पडून टेपचे थर चिकटलेले असतात. ९०ची टेप ६०च्या टेपपेक्षा पातळ असते, तिला घाई करू नका. १२० असेल तर आणखी जपून.


खरज

ध्वनिवेडांनी सांगितलं ते सगळं करा, एक माझं जोडतो. मी गातो, आणि तंबोरा नीट ऐकू न येणं म्हणजे काय हे मला चांगलं कळतं.

हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. हेडचा कोन त्यावर ठरतो. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याचा कोन आणि आता वाजवताय त्याचा कोन जुळला नाही तर वरचे सगळे स्वर मंद होतात. माणसाचा आवाज त्यातही ओळखू येतो, म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही. मार खाते ती जवारी. कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू केसभर इकडं-तिकडं फिरवा आणि अण्णांचं गाणं ऐकू नका, तंबोराच ऐका. एका जागी त्याची झणझण एकदम उघडेल. खरजाच्या तारेतून गंधार वर येताना ऐकू आला की थांबा. तो गंधार कुणी छेडलेला नसतो, खरजाच्या पाचव्या स्वरांशात तो आपसूक असतो. तो ऐकू येतोय म्हणजे तुमच्या आईंनी जवारी जशी काढली होती तशी ती कॅसेटवर शाबूत आहे. प्रत्येक कॅसेटला हे नव्यानं करावं लागेल.

माझ्या गुरूंच्या मागं तंबोऱ्यावर बारा वर्षं बसलोय. तिथं बसून जे शिकलो ते समोर बसून नाही शिकलो. आईंना माझा नमस्कार सांगा.


मेलबर्नची माई

आमच्याकडे हाच प्रकार रोज होतो. लेक भारतातल्या बाईंकडे व्हिडिओवर गाणं शिकते. पहिले दोन महिने बाई म्हणत होत्या, "तंबोरा लाव गं," आणि ही म्हणत होती, "बाई, लावलाय." झूममध्ये संगीतासाठी 'ओरिजिनल साउंड' म्हणून एक सोय आहे, ती चालू केल्यावर बाईंना तंबोरा ऐकू आला. तोपर्यंत तो पंख्याच्या घरघरीसारखा गाळला जात होता. वाचून राहवलं नाही म्हणून लिहिलं. आईंचा हात थांबला ते वाचताना मला थांबावं लागलं.


नंदू पाटणकर

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. भाच्यानं केलेल्या फाइलीही टाकू नका. माझ्या आजोबांच्या कीर्तनाची एक कॅसेट आम्ही जशीच्या तशी ठेवली. घरातली पोरं ती पाच मिनिटंसुद्धा ऐकत नाहीत, कारण नुसती खरखर. शब्द कळले तर ऐकतील. अण्णांचा आवाज स्वच्छ ऐकून एखादं नातवंड गाण्याकडं वळलं तर तेही मोठंच आहे.


पेटीवाला मिरजकर

सगळ्यांचे मनापासून आभार. नंदू, राग कसला, ठेवणार आहे. भाच्याच्या फाइली त्याच्याच नावाच्या फोल्डरमध्ये राहतील. पण त्या ऐकताना अण्णा एकटे बसून गातायत असं वाटतं, आणि ते एकटे कधी गायले नाहीत.

ध्वनिवेडा, तुम्ही म्हणालात तसं दहा सेकंदांचं भाच्याला विचारलं. तस्संच केलं होतं. 'तिथं कुणी नव्हतं ना मामा,' असं म्हणाला. मग मी त्याला पुण्याहून बोलावून घेतलं आणि आईशेजारी बसवून खरा तंबोरा हातात दिला. आईनं त्याचं बोट धरून तारेवर ठेवलं. नख लागता कामा नये, बोटाच्या पेराच्या कडेनं तार नुसती सोडायची. अर्धा तास बसली. तिच्या मधल्या बोटाच्या कडेला अजून घट्टा आहे, तो त्यानं पहिल्यांदा पाहिला. गवसणीच्या खिशात वर्तमानपत्राचं एक कात्रण निघालं: २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्याची बातमी. तिनं कधी ठेवली आम्हाला पत्ता नाही.

आणखी दोन गोष्टी लक्षात आल्या, त्यांचा उलगडा कुणी केला तर बरं. एक, कच्ची टेप ऐकताना अण्णा थांबले की तंबोरा हळूहळू मोठा होत जातो, जसं काही आई जवळ सरकतेय. मग अण्णांनी तोंड उघडलं की परत मागं जातो. आई एका लयीत, एका वजनानं छेडायची, ती असं करणार नाही. दोन, १९८७च्या एका कॅसेटमध्ये पट्टी सुरुवातीला बरोबर आहे आणि बाजू संपेपर्यंत जवळजवळ अर्धा सूर चढते. तंबोराही बरोबरच चढतो. हे कसं शक्य आहे?


ध्वनिवेडा

दोन्हीचं उत्तर त्या टू-इन-वनमध्येच आहे.

त्या यंत्रांना रेकॉर्डिंगची पातळी हातानं लावायची सोय बहुधा नसायची. यंत्र स्वतःच सांभाळायचं: मोठा आवाज आला की कान आखडता घ्यायचं, शांतता झाली की कान टवकारायचं. अण्णा थांबले की ते खोलीतलं बारीकसारीक ओढून वर आणायचं, आणि खोलीत सगळ्यात ठाम काय होतं तर तंबोरा. रेडिओवरच्या रेकॉर्डिंगमध्ये तो असा कधी वर येत नाही. तुम्हाला तो दर श्वासाला पुढं आलेला मिळालाय. कृपा करून हे 'दुरुस्त' करू नका.

चढणाऱ्या पट्टीचं कारण बहुतेक सेल. वीज गेली असणार आणि सेलवर भरलं असणार. सेल उतरत जातात तशी रेकॉर्डिंगच्या वेळी टेप हळू सरकते. नंतर ती नेहमीच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरनं वाजवली की आवाज चढा येतो. तुम्ही ऐकताय तो सेल उतरण्याचा आवाज आहे.

विजेवर भरलेल्या कॅसेटची पट्टी लावायला एक उपाय आहे. विजेची भुणभुण टेपवर बारीक उमटलेली असते, ५० हर्ट्झला. ऑडॅसिटीत 'प्लॉट स्पेक्ट्रम' करून खालच्या टोकाला बघा. एक सुळका बरोब्बर ५०ला दिसला तर तो आत्ताच्या यंत्राचा, तो सोडा. शेजारी दुसरा सापडेल तो त्या पहाटेचा. तो ५३ला असेल तर टेप सहा टक्के जोरात चाललीय, म्हणजे पांढरी एकची थेट काळी एक. मग 'चेंज स्पीड'नं तेवढी खाली आणा. 'चेंज पिच' वापरू नका, सूर उतरेल पण लय चढीच राहील. एकच सावधगिरी: त्या काळी आपल्याकडे विजेची फ्रीक्वेन्सी ५०च्या खाली जायची, ४९च्याही खाली. त्यामुळं भुणभुणीवर अंदाज घ्या आणि शेवटचा निकाल कानावर सोडा. तो आईंचा असला तर उत्तमच.


पेटीवाला मिरजकर

काल पहिली कॅसेट पूर्ण केली. जून १९८६. हेडचा स्क्रू फिरवताना खरज यांनी सांगितलेली जागा सापडली आणि मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. तंबोऱ्याच्या मागं पागोळ्या गळतायत! पत्र्यावरचा पाऊस आहे. इतक्या वेळा ती कॅसेट ऐकली, पाऊस कधी ऐकला नव्हता. भुणभुण ५१.५ला सापडली, तेवढा वेग खाली आणला. खरखर काढलीच नाही, तशीच ठेवली.

संध्याकाळी आईला ऐकवलं. मीही आधी पूर्ण ऐकलेलं नव्हतं, मुद्दाम. तंबोरा सुरू झाला, अण्णा अजून गायला लागायचे होते, आणि आई म्हणाली, "मध्यमाचा आहे. ललत गाणार."

मी पेटीवर तीस वर्षं काढली, पण माझं तिकडं लक्षच नव्हतं. पहिली तार पंचमाची नाही, मध्यमाची. ललतात पंचम नसतो, म्हणून तिनं तो तसा लावला होता. मग अण्णांनी षड्ज लावला, आणि ललतच निघाला. भाच्याकडं बघितलं. तो म्हणाला, "मामा, हेच दहा सेकंद."

आईचा हात गुडघ्यावर चालूच होता. साधारण आठव्या मिनिटाला ती भुवया आखडून म्हणाली, "जोडी उतरली." मला ऐकू आलं नाही. कॅसेटमध्ये अण्णांनी आलाप पुरा केला, मग गाणं थांबवून हळू आवाजात काहीतरी म्हणाले, शब्द कळत नाहीत. मग एकच तार दोनदा वाजते, तिसऱ्यांदा वाजताना केसभर वर सरकते आणि बसते. तारेत ओवलेल्या, सूर बारीक लावायच्या मण्यानं लावली असणार. त्यानंतर अण्णा पुन्हा षड्जापासून.

"पाऊस होता," आई म्हणाली. "खुंटी फिरत नव्हती, म्हणून मणी सरकवला."

दुसरी बाजू तिला आज ऐकायची नाही. थकली होती.

नऊ नंबरच्या कॅसेटमध्ये हेडसमोरचा फेल्टचा तुकडा निघून पडलाय आणि खोका चिकटवलेला आहे, स्क्रूचा नाही. पाच स्क्रूंची एक रिकामी कॅसेट भाच्यानं जुन्या बाजारातून आणलीय. टेप त्यात हलवायची म्हणतोय. हे कुणी हातानं केलं असेल तर कृपया सांगा, सुरी कुठून घालायची. त्या कॅसेटवर फेब्रुवारी १९९४ आहे, आणि माझ्या आठवणीप्रमाणं त्या पहाटे अण्णांनी पहिल्यांदा मला शेजारी बसवलं होतं.